ओडील मासारचं एक मत

ओडील मासारशी गावात कुणी वैर धरत नसे. तेवढी ताकद कुणाच्यात नव्हती. बाकीची माणसं भांडतात, चार दिवस तोंडं फिरवतात आणि शुक्रवारी तळलेले मासे खायला क्लबात पुन्हा एकाच टेबलाशी बसतात. ओडीलने एकदा डूख धरला की ती तो थडग्यापर्यंत नेई. समोरचा आधी गेला तर त्याच्या थडग्यावरही नेई. शेजारच्या दप्री बाईंनी कधी काळी चर्चच्या जेवणाला आलुबुखाराचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भट्टीत भाजतात तो, आणला होता आणि त्यात सारण विकतचं घातलं होतं. दप्री बाई गेल्या, त्यांची मुलं घर विकून ग्रीन बेला गेली, तरी एमीलच्या थडग्यावर फुलं ठेवून परतताना ओडील त्यांच्या दगडापाशी थांबायची आणि म्हणायची, "डब्यातलं!"

एमील म्हणजे तिचा नवरा. त्याची गोष्ट पुढे येईलच, कारण सगळा राग तिथूनच निघतो.

बोव्हशेन हे गाव म्हणजे एक चर्च, एक क्लब, एक टाउन हॉल आणि भोवती मक्याची शेतं. सगळी कधीकाळी समुद्र ओलांडून आलेली जुनी बेल्जियन घराणी, त्यामुळे कोण कुणाचा मामा आणि कोण कुणाचा साडू हे लहान पोरालाही पाठ. उन्हाळ्यात चर्चची पिकनिक आणि सप्टेंबरात सुगीचा कर्मेस, हे दोन सण. दोन्हीला चर्चच्या मागे भला मोठा लोखंडी हंडा चढतो आणि त्यात बूया शिजतो. कोंबड्या, बैलाची शेपटी, कोबी, गाजरं, बटाटे, सगळं लाकडाच्या जाळावर पहाटेपासून रटरटत ठेवायचं, हाडं सुटेपर्यंत. वल्ह्याएवढा लाकडी डाव ओडीलच्या हातात असायचा. जाळ तिचा धाकटा भाऊ डेझिरे लग्राव्ह बघायचा. जाळ मोठा झाला की ती त्याला शिव्या द्यायची आणि लहान झाला तर जास्त द्यायची. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. डेझिरे बहिरा नव्हता, पण हंड्यापाशी तो बहिऱ्यासारखा वागायचा.

आता एमीलची विहीर. ती त्याच्या आजोबांनी खणलेली. तिचं पाणी इतकं गार आणि गोड की एमील परगावी गेला तरी बाटलीत भरून न्यायचा आणि दुसऱ्याच्या घरी तेच प्यायचा. लोकांना राग यायचा, पण एमीलला कळायचं नाही. मग रॉयस हॅवरकॅम्पने उत्तरेकडच्या टेकडीवर हजारो गाईंचा गोठा टाकला. एवढ्या गाई म्हटल्यावर शेणही आलं. ते पातळ करून टँकरांनी शेतांवर ओतायचं, वर बर्फ असो की चिखल. इथली माती वीतभर, खाली भेगाळलेला चुनखडक. एका मार्चमध्ये बर्फ वितळला आणि ओडीलच्या नळाला तपकिरी पाणी आलं. वास तर विचारू नका.

गाव पिण्याच्या पाण्याच्या टाक्या विकत आणू लागलं. एमीलने मात्र हट्ट धरला. आजोबांची विहीर खोटी पडणं त्याला सोसेना. "एवढं काही नाही, निवळेल," असं म्हणत तो तेच पाणी उकळून पीत राहिला. पोट बिघडलं, वजन उतरलं, आणि पुढच्या हिवाळ्यात गोठ्यात दूध काढता काढता तो खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. ओडील म्हणाली, हॅवरकॅम्प. गावात तिच्याशी वाद घालण्याची कुणाची छाती झाली नाही.

आणि हाच रॉयस हॅवरकॅम्प राज्याच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. गोठा त्याने मेव्हण्याच्या नावावर केला होता, आणि घोषणा काय, तर "स्वच्छ पाणी, सच्चा माणूस"! चोराने देवळाच्या किल्ल्या मागाव्यात तसला प्रकार.

इथली तऱ्हा अशी. खरी निवडणूक नोव्हेंबरात, पण ऑगस्टमध्ये आधी हत्ती आणि गाढव अशा चिन्हांचे दोन पक्ष, हत्तीवाले आणि गाढववाले, आपापल्यातून कोण लढणार ते मतदारांकडून ठरवून घेतात. मतदाराने कुठल्याही पक्षाच्या पंगतीत बसावं, कुणी अडवत नाही. पण बसायचं एकाच पंगतीत. दोन पानांवर जेवायला गेलात तर तुमचा सगळा कागद बाद. हॅवरकॅम्प गाढवांच्या पंगतीत होता. त्याच्यासमोर एक खेळाचं सामान विकणारा आणि मिल्वॉकीकडची कुणी बाई, एवढेच. हत्तींकडे तिघे होते. एक टीव्हीवर गाड्या विकताना ओरडायचा आणि आता गाड्यांशिवाय ओरडत होता. दुसरा प्रत्येक जाहिरातीत बंदूक साफ करत बसायचा, एकदाही झाडली नाही. तिसऱ्याला काय हवंय ते त्याच्या बायकोलाही माहीत नसावं. बोव्हशेन तसं हत्तींचं गाव. पण गव्हर्नर कोण का होईना, ह्या खेपेला गावाचं लक्ष त्याच कागदावर खालच्या बाजूला होतं. तिथे शेरीफचं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचं, पद होतं आणि हत्तींच्या रांगेत ओडीलच्या मुलाचं नाव होतं, आर्मंड मासार.

आर्मंड वीस-बावीस वर्षं शेरीफच्या हाताखाली डेप्युटी होता. आईचा आवाज त्याला मिळाला नाही, बापाचा हट्ट मिळाला. हॅवरकॅम्पचे टँकर कायद्यापेक्षा जड भरून गावातले रस्ते खचवत जायचे. आर्मंड ते अडवायचा, वजन करायचा, दंड करायचा. जुना शेरीफ त्याला म्हणायचा, "मासार, जाऊ दे रे." आर्मंड जाऊ देत नसे. जुना शेरीफ निवृत्त होत होता आणि आर्मंडसमोर होता टेस्के, ज्याने आयुष्यात कुठलाही टँकर अडवला नव्हता, कारण तो त्या वेळी हॅवरकॅम्पच्या मेव्हण्याबरोबर हरणांच्या शिकारीला गेलेला असायचा. गाढवांनी ह्या पदाला कुणी उभंच केलं नव्हतं. म्हणजे ऑगस्टमध्ये जिंकला तो शेरीफ, विषय संपला.

जुलैतल्या एका शुक्रवारी क्लबात डेझिरेने दोन ब्रँडी पोटात गेल्यावर टेबलावर मूठ आपटली.

"ह्या खेपेला मी गाढवांकडे जाणार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्या हॅवरकॅम्पला तिथंच, त्याच्या घरात गाडायचा. नोव्हेंबरची वाट कोण बघतो!"

चार जणांनी टाळ्या दिल्या. ओडीलने काटा खाली ठेवला.

"आणि आर्मंडला कोण देणार? तुझा तो लंगडा कुत्रा?"

"अगं, आर्मंड येतोयच निवडून. एका मतानं काय होतंय?"

"एका मतानं काय होतंय म्हणे! बापानं तुला शाळेत कशाला घातलं रे? दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापायला निघालास? आधी रक्ताचं बघ, मग त्या मेल्याला शिव्या दे. शिव्या द्यायला मी आहे."

"बरं बाई."

"बरं बाई नाही. शपथ घे."

"कुणाची?"

"हंड्याची."

डेझिरेने हंड्याची शपथ घेतली. क्लबात हसू पिकलं. गाढवांकडे जाण्याची त्याची गर्जना मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिली. शपथ लोक विसरले, कारण ती त्याने हळू आवाजात घेतली होती.

मतदान मंगळवारी होतं. आदल्या रविवारी चर्चची पिकनिक होती आणि तिथे हॅवरकॅम्प आला.

चौकटीचा शर्ट घालून आला, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. बरोबर कॅमेरावाला आणि कागद धरलेली दोन पोरं. फादर नेच भला माणूस, कुणालाही नाही म्हणता येत नाही. तेच त्याला हंड्यापाशी घेऊन आले. उमेदवाराने बूया ढवळायचा आणि फोटो काढायचा, ही रीत जुनी आहे. आजवर किती आले, ढवळून गेले, पडले, विसरले गेले. ओडील दर वेळी डाव देते आणि मग तो धुऊन घेते.

ह्या वेळी तिने डाव दिला नाही. हॅवरकॅम्पने तो तिच्या हातातून हसत हसत काढून घेतला.

"मासार बाई ना तुम्ही? एमीलच्या?" तो म्हणाला. कॅमेरा सुरू होता. "काय देवमाणूस होता! लहानपणी तुमच्या विहिरीचं पाणी प्यालोय मी. तसं पाणी मला ह्या राज्यातल्या प्रत्येक घरात परत आणायचंय."

तो वरवर डाव फिरवत होता. खाली तळ धरायला लागला होता, ओडीलला त्याचा वास आला. तिने तोंड उघडलं. जिने बिशपला एकदा गाजरं नीट सोलता येत नाहीत म्हणून हाकललं होतं, जिच्या तोंडाला भिऊन दूधवाला फाटकाबाहेर बाटल्या ठेवायचा, त्या ओडीलच्या तोंडून एक शब्द फुटेना.  एमीलचं नाव! ह्याच्या तोंडात! ती तशीच ओठ ताणून उभी राहिली, फोटो निघाला, हॅवरकॅम्पने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो गेला.

डेझिरे जाळाजवळून म्हणाला, "काय झालं गं? दे ना एक चांगली."

"जाळ बघ," एवढंच ती म्हणाली.

तेव्हाच तिने हॅवरकॅम्पला झोडला असता, वालून भाषेतल्या आजीच्या ठेवणीतल्या चार शिव्या हासडल्या असत्या, तर पुढचं काही घडलं नसतं असं गावात आजही म्हणतात. गावाचं काय जातं म्हणायला! पण पोटात राहिलेली शिवी वाईट, हे मात्र खरं.

सोमवारी संध्याकाळी तो फोटो टीव्हीवर हॅवरकॅम्पच्या जाहिरातीत आला. हॅवरकॅम्प ढवळतोय, शेजारी ओडील उभी आहे, आणि ते ताणलेले ओठ लांबून बघणाऱ्याला हसल्यासारखे दिसतात. खाली ओळ होती, "बोव्हशेनची साधी माणसं रॉयसच्या पाठीशी." आर्मंडच्या बायकोने, ट्रिनाने, फोन केला. "सासूबाई, तुम्ही कधीपासून हो त्याच्या पाठीशी?" ती हसत होती. तिला वाटलं सासूही हसेल. ओडीलने फोन ठेवून दिला आणि एमीलच्या खुर्चीसमोर टीव्ही सुरूच ठेवून बसली. ती जाहिरात पुन्हा लागली, आणि पुन्हा लागली.

मंगळवारी सकाळी टाउन हॉलमध्ये रांग होती. ओडीलच्या मागे डेझिरे. दारात एस्टेल बाई नावं विचारत होती. सत्तर वर्षं ओळखत असली तरी नाव विचारायचंच, तसा नियम. कागद घेऊन ओडील पडद्याआड गेली.

डावीकडे हत्ती होते, उजवीकडे गाढवं. डावीकडे खाली, शेरीफच्या चौकटीत, आर्मंड मासार. छापलेलं नाव बघून तिला क्षणभर बरं वाटलं. पेन तिथवर गेलंही. मग नजर उजवीकडे गेली आणि वर दिसलं, रॉयस हॅवरकॅम्प. ती अक्षरंही तशीच छापलेली होती, तेवढ्याच काळ्या शाईत, जणू दोघांत काही फरकच नाही.

आर्मंड येतोय, तिने मनाशी म्हटलं. सगळे म्हणतात. डेझिरेचं मत पक्कं आहे, ट्रिनाच्या माहेरचे सगळे आहेत, सगळं गाव आहे. माझ्या एकीच्या नसण्याने काही अडत नाही. पण त्याच्या विरुद्ध माझी एक खूण नसेल, तर एमीलला मी काय सांगू? त्या फोटोत मी हसले म्हणून सांगू?

हॅवरकॅम्पच्या खाली मिल्वॉकीकडच्या बाईचं नाव होतं. लांबलचक, तिने ते दोनदा वाचलं. मग त्या नावापुढचा गोल भरला, एवढा दाबून भरला की कागदाच्या मागे उमटला. डाव्या बाजूला तिने हात लावला नाही. लावला असता तर दोन्ही वाया गेलं असतं, एवढं तिला कळत होतं.

बाहेर येऊन ती सरळ गाडीत जाऊन बसली. डेझिरे मत देऊन आला, दार उघडलं, आणि तिला घरी सोडलं. वाटेत त्याने गाडी दोनदा खड्ड्यात घातली, तरी ती काही बोलली नाही.

हॅवरकॅम्प एवढ्या मतांनी जिंकला की रेडिओने लोकांची जेवणं होण्याआधीच सांगून टाकलं. मिल्वॉकीची बाई तिसरी आली, खेळाचं सामान विकणाऱ्याच्याही मागे. हत्तींकडून ओरडणारा निवडून आला. आणि आर्मंड मासार शेरीफच्या निवडणुकीत टेस्केकडून हरला. एका मताने.

पुन्हा मोजणी झाली. सगळ्या गावांच्या पेट्या जिल्ह्याच्या कचेरीत उघडल्या, आर्मंड स्वतः टेबलाशी उभा राहिला. पुन्हा एकच मत. ते असतं तर निदान बरोबरी होऊन चिठ्ठी निघाली असती.

त्या रविवारी सगळं घर ओडीलच्या स्वयंपाकघरात जमलं. कुणी मेल्यावर जमतात तसं. आर्मंड खुर्चीत बसून टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडाचा कोपरा सोलत होता. ट्रिनाला मात्र गप्प बसवेना.

"मामा," ती डेझिरेला म्हणाली, "आता तरी सांगा. गाढवांकडे गेलात ना?"

"नाही गेलो."

"क्लबात तर ढोल बडवत होतात! पंधरा माणसांनी ऐकलंय."

"बोललो होतो. पण दिलं आर्मंडलाच. शपथ घेतली होती मी."

"कशाची? सूपाच्या भांड्याची!"

"हंड्याची," डेझिरे म्हणाला. ट्रिनाचा भाऊ फिस्सकन हसला. त्या हसण्याने डेझिरेचे कान लाल झाले.

आर्मंडने मान वर केली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मामा, मला मासे धरायला तू शिकवलंस," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे काय मागितलं होतं आयुष्यात? एक गोल भरायचा होता."

"भरला मी, बाळा."

"मग कुणी नाही भरला?"

 मग हळूहळू सगळ्यांच्या माना ओडीलकडे वळल्या. डेझिरेला आजवर तीच झोडत आली होती, आताही तीच निकाल देणार. ओडील बेसिनपाशी पाठमोरी होती. नळातून पाणी येत होतं, ते ती बघत होती.

"जाऊ दे आता," ती म्हणाली.

घरात तिच्या तोंडून "जाऊ दे" हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला, की सख्ख्या भावाचा गुन्हा एवढा मोठा आहे की तिला शिवीसुद्धा सापडत नाही. डेझिरेने टोपी घेतली. दारात तो थांबला, बहिणीच्या पाठीकडे बघितलं, आणि गेला.

त्यानंतर त्याला कुणी विचारेना. शुक्रवारी क्लबात तो एकटा कोपऱ्यात मासे खायचा. टेस्के त्याला मुद्दाम ब्रँडी पाठवायचा, "माझ्या प्रचारप्रमुखाला" म्हणून, आणि सगळी खोली हसायची. डेझिरे ती ब्रँडी तशीच ठेवून उठायचा. कुणी त्याच्या फाटकावर गाढवाचं चित्र रंगवलं. ओडीलच्या कानावर हे सगळं यायचं. ती ऐकायची आणि बटाटे सोलायची. दुसऱ्याच्या पायमधलं डब्यातलं सारण न विसरणारी बाई स्वतःचं मत गिळून बसली होती, आणि ते काही पचत नव्हतं.

सप्टेंबरात कर्मेस आला. आर्मंडने सांगून टाकलं, मामा हंड्यापाशी असेल तर मी नसेन. त्यामुळे ह्या वर्षी जाळ आर्मंडने घातला. लाकडं ओली, धूर डोळ्यांत जाणारा, हंडा एका बाजूने उकळतोय आणि दुसऱ्या बाजूने गार. ओडील डाव फिरवत राहिली. एकदाही ओरडली नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

उजाडायच्या सुमारास चर्चच्या मागच्या रस्त्यावर एक पिकअप थांबली. डेझिरे उतरला, वाळलेल्या मेपलच्या ओंडक्यांचा ढीग भिंतीपाशी रचून ठेवला आणि कुणाकडे न बघता परत निघाला. ओडीलने डाव बाजूच्या बाईच्या हातात दिला. फोटोवाले उमेदवार सोडले तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ती त्याच्या गाडीपाशी गेली.

"डेझिरे."

"कोरडी आहेत," तो म्हणाला. "तुझा मुलगा ओल्या लाकडावर शिजवतोय. पोटं बिघडतील लोकांची."

"ते मत मी दिलं नाही आर्मंडला."

डेझिरेने टोपी मागे सारली. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"त्याच दिवशी कळलं. बाहेर आलीस, मला एक शिवी दिली नाहीस. दोन खड्ड्यांत गाडी घातली मी मुद्दाम, बघू म्हटलं. तू गप्प! तेव्हाच समजलो, काहीतरी करून आलीय बया."

ओडील त्याच्याकडे बघत राहिली. "मग बोलला का नाहीस मेल्या? महिनाभर गाढव म्हणवून घेतोयस!"

"मी मामा आहे. माझ्यावर रुसला तर काय, नाताळाला एक जागा रिकामी राहील. तुझ्यावर रुसला तर तू जेवशील कुणाबरोबर? एमीलच्या खुर्चीबरोबर?" त्याने गाडीचं दार उघडलं. "पण खरं सांगू? त्या दिवशी घरात 'जाऊ दे' म्हणालीस ना, ते लागलं. शिवी चालली असती."

ओडीलला रडू येत नसे. आताही आलं नाही, पण तिने गाडीच्या दाराला धरलं होतं ते सोडवेना.

"थांब इथं," ती म्हणाली. "गेलास तर याद राख."

आर्मंड हंड्याच्या पलीकडे वाकून जाळ फुंकत होता. डोळे धुराने लाल. ट्रिना आलुबुखाराच्या पायचे तुकडे करत होती, फादर नेच टेबलं पुसत होते, टेस्के आपल्या माणसांबरोबर बाकावर बसून कॉफी पीत होता. ओडीलने आवाज खाली घेतला नाही. तिला तसं येतच नव्हतं.

"आर्मंड, मामानं तुलाच मत दिलं. मी नाही दिलं. मी पलीकडे गेले, गाढवांकडे."

ट्रिनाचा सुरी धरलेला हात तसाच राहिला. बाकावरची कॉफी थांबली. आर्मंड हळूहळू उभा राहिला आणि आईकडे बघू लागला. तिला वाटलं आता तो चिडेल. तिला ते हवं होतं.

"हॅवरकॅम्पसाठी?" तो म्हणाला.

"त्याच्या विरुद्ध! त्यानं तुझ्या बापाचं नाव घेतलं, ह्या इथं उभं राहून घेतलं. मला वाटलं तू येतोयस. मला वाटलं एका..." ती थांबली. ते वाक्य दुसऱ्या कुणाचं होतं, आणि त्यावर तिने काय म्हटलं होतं ते पंधरा माणसांनी ऐकलं होतं.

"मी त्याचे टँकर अडवणार होतो, आई," आर्मंड म्हणाला. आवाज चढला नाही. "पहिल्याच दिवशी. टेकडीच्या पायथ्याशी वजनकाटा लावून बसणार होतो. तो गव्हर्नर झाला तरी त्याचा टँकर आपल्या रस्त्यावरूनच जाणार ना? ह्या अख्ख्या राज्यात त्याला हात लावू शकेल असा एक माणूस होता. बाबांसाठीच उभा राहिलो होतो मी. तुला काय वाटलं, मला चांदणीवाली टोपी हवी होती?"

बाकावरून टेस्के काहीतरी पुटपुटला. डेझिरे गाडीजवळून ओरडला, "तू गप रे!" 

आर्मंडने हातातलं ओलं लाकूड जाळात टाकलं नाही, खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, आणि विचारताना त्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुणाला दिलंस?"

"सांगितलं ना. त्याच्या विरुद्ध."

"ते कळलं. पण दिलंस कुणाला? माझं मत ज्या कुणाला गेलं त्याचं नाव काय?"

ओडीलने तोंड उघडलं. लांब नाव होतं. तिने ते दोनदा वाचलं होतं. मिल्वॉकीकडची, एवढं आठवत होतं. हंड्याचा तळ धरल्याचा वास यायला लागला, डाव धरलेली बाई ढवळायचं विसरली होती. हॅवरकॅम्पचं नाव जिभेवर होतं, दप्री बाईंचं होतं, आयुष्यात जिच्या-ज्याच्यावर डूख धरला त्या प्रत्येकाचं होतं. तिने पुन्हा एकदा तोंड उघडलं.

आर्मंड वाट बघत उभा होता.